सत्तावीस नंबरचा शिक्का

आमच्या कारखान्यात माणसाला नावाने हाक मारत नाहीत, आकड्याने मारतात. हे ऐकलं की लोकांना तुरुंग आठवतो, आणि मला त्या लोकांचा राग येतो. तुरुंगातला आकडा दुसरा कोणी आपल्यावर लादतो. आमचा आकडा कमवावा लागतो.

आम्ही बॉयलर आणि टाक्या बनवतो. दाब सोसणारं पोलादी भांडं म्हणजे नुसते जोडच जोड, आणि त्यातला एक कच्चा निघाला तर सगळं फुटतं. म्हणून कोणता जोड कोणी केला, याची खूण लोखंडावरच ठेवायची पद्धत आहे. वेल्डिंग झालं, वर जमलेली मळीची खपली, म्हणजे स्लॅग, झाडली, ब्रश मारला, की वेल्डर खिशातून बोटाएवढा पोलादी शिक्का काढतो, जोडाशेजारी टेकवतो आणि हातोडीचा एक घाव घालतो. प्लेटमध्ये आकडा उमटतो. पन्नास वर्षांनी ते भांडं फुटलं तरी लोक वाकून वाचणार की हे काम अमक्याचं.

परीक्षा पास झाल्याशिवाय शिक्का मिळत नाही, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कधीच देत नाहीत. माणूस निवृत्त झाला किंवा वारला, की दाराजवळ भिंतीला लावलेल्या जाड प्लेटवर त्याचा आकडा शेवटचा एकदा ठोकतात आणि शिक्क्याचं तोंड ग्राइंडरने घासून सपाट करतात. त्या प्लेटवर नऊ आकडे आहेत. जुनी माणसं सकाळी आत येताना तिला हात लावतात. मी लावत नाही, पण नजर जाते.

मला सत्तावीस मिळाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कागदोपत्री मुलगी होतो. त्या वर्षी परीक्षेला अकरा जण बसले, दोघे पास झालो. मला शिकवलं चौदाकाकांनी. चौदा हा त्यांचा आकडा; काका हे आम्ही आमच्या पदरचं जोडलेलं. माणूस काडीसारखा बारीक, चष्म्याच्या डाव्या काचेवर ठिणगीने पडलेला डाग, आणि कौतुकाच्या बाबतीत असा चिक्कू की चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून ‘चालेल’ याच्यापुढचा शब्द कोणी ऐकलेला नाही. तेही ज्याला मिळालं, तो आठवडाभर छाती काढून फिरायचा.

माझं आधीचं नाव वाईट नव्हतं. दुसऱ्या कोणाला शोभलंही असतं. मला त्या नावाने कोणी हाक मारली की शेजारचं कोणीतरी ओ देईल म्हणून मी क्षणभर वाट बघायचो. शाळेत त्यामुळे मी बहिरा आहे असा बाईंचा समज झाला होता. पण शिक्का मिळाल्यावर पहिल्याच दिवशी कारखान्यात कोणी तरी टाकीच्या पलीकडून ओरडलं, “सत्तावीस, इकडे ये,” आणि माझी मान आपोआप वळली. त्या आकड्यात काहीच चुकीचं नव्हतं. तो मला पहिल्याच दिवशी अंगाबरोबर बसला.

बाकीचं सगळं बसायला पुढची अकरा वर्षं गेली. सव्विसाव्या वर्षी मी आईला सांगितलं, मग डॉक्टरांना, मग दर तीन आठवड्यांनी हार्मोनची सुई सुरू झाली. आवाज उतरला तेव्हा चौदाकाकांनी विचारलं, “घसा बसलाय का?” मी म्हटलं, “नाही काका, आत्ता कुठे जागेवर आलाय.” ते हूं म्हणाले आणि मला वेल्डिंगच्या रॉडचा पुडा आणायला पाठवलं. हनुवटीवर सात केस आले तेव्हा मी रोज दाढी करू लागलो. त्यावर डबा खाताना जे विनोद झाले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत, पण हसणाऱ्यांत मी होतो आणि माझ्यावर हसत नव्हते. नाही म्हणायला दोघंतिघं होते कपाळाला आठ्या घालणारे. एक जण वर्षभर माझ्या शेजारी डबा खायला बसला नाही. एकदा त्याचा जोड नापास झाला, मी सोबत बसून दुरुस्त करून दिला, तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसतो आणि माझी चटणी संपवतो. मी त्याला माफ केलंय असं त्याला वाटतं. अर्धंच केलंय.

अठ्ठाविसाव्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं. आता तिथे दोन आडव्या रेघा आहेत, सर्जनच्या हातच्या. जोड म्हणून बघाल तर काम सरळ आहे, कड स्वच्छ आहे. शिक्का तेवढा मारलेला नाही.

आईचं जरा अवघड गेलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात तिचा जन्म गेला. आमच्या घरात मिठाच्या डब्यावरही ‘मीठ’ असं लिहिलेलं असतं. वस्तूला नाव नसलं की तिचा जीव खालीवर होतो, आणि इथे तर पोटचंच पोर बिनचिठ्ठीचं झालं होतं. जुनं नाव ओठांवर यायचं ते ती गिळायची, नवं तिच्या जिभेवर चढेना. दोन वर्षं तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. नुसतं “ऐकलंस का?” म्हणायची, जसं पूर्वीच्या बायका नवऱ्याला म्हणत. मला रागही यायचा आणि दयाही. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, “सत्तावीस, चहा गार होतोय.” मी ब्रश तोंडात तसाच ठेवून उभा राहिलो. त्या दिवशी तो चहा खरंच गार झाला.

तेव्हापासून आमचं घर सुरळीत चाललं. नवं नाव तिला पुढे सहा महिन्यांनी जमलं, पण लाडात आली की ती अजून सत्तावीसच म्हणते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या मॅडम. त्या तपासणी खातं बघतात. कामात चोख, बोलायला मऊ, माझ्या प्रत्येक रजेवर न विचारता सही करणाऱ्या. नव्या नावाचा कोर्टाचा कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला आत बोलावलं.

“बस. मी सगळा विचार केलाय,” त्या म्हणाल्या. “सोमवारी इन्स्पेक्टर येतायत. वेल्डरांचं रजिस्टर ओळीओळीने तपासणार, त्यावर त्यांची सही. त्याच झटक्यात तुझं काम करून टाकू.”

त्यांनी खणातून एक छोटी डबी काढली. आत कापसावर नवा कोरा शिक्का होता. एकसष्ट.

“नवं नाव, नवा नंबर. परीक्षेचा जोड नावापुरता करून घेऊ. जुनं पान बंद. पुढे कोणीही रजिस्टर उघडलं तरी त्याला काही दिसणार नाही. तुला कोणाला काही सांगत बसायला नको.”

“आणि सत्तावीस?”

“तो दाराजवळच्या प्लेटवर ठोकू ना. रीतसर.”

चांगल्या माणसाची चूक फार अडचणीची. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मॅडमनी पदरमोड करून, धावपळ करून माझ्यासाठी कापसात गुंडाळून आणलं होतं ते माझंच मरण होतं, आणि त्या माझ्याकडे असं बघत होत्या की मी आता आनंदाने रडेन. मी डबी घेतली. म्हटलं, “सोमवारपर्यंत विचार करतो.” त्यांचा चेहरा जरा पडला.

आणि खरं सांगतो, मी विचार केलाही. कारण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. सत्तावीस ठेवला तर रजिस्टरच्या त्या ओळीत दोन नावं राहणार, एक बाईचं, एक पुरुषाचं. येणारा प्रत्येक इन्स्पेक्टर, प्रत्येक गिऱ्हाइकाचा इंजिनिअर ती ओळ वाचणार आणि मान वर करणार. ती नजर मला ठाऊक आहे. आधी चेहऱ्यावर येते, मग छातीवर उतरते, मग पुन्हा चेहऱ्यावर. बँकेत भेटली आहे, दवाखान्यात भेटली आहे, लायब्ररीच्या खिडकीवरसुद्धा भेटली आहे. एकसष्ट घेतला की ती संपली. उरलेली अठ्ठावीस वर्षं मी कोणीही एक वेल्डर.

आणखीही एक कारण होतं, आणि ते मी आठ वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे मी बावीसचा असताना, माझा एक जोड फुटला. इस्पितळाच्या वाफेच्या टाकीचा. टाकीत शिरून, गुडघ्यांवर बसून, पाठ वाकवून, डोक्यावरचा जोड करायचा होता. त्या काळात मी छाती पट्ट्यांनी आवळून कामावर यायचो. पायाच्या मुरगळीला बांधतात त्या रुंद, ताणाच्या पट्ट्या, तीन-तीन फेरे. बाहेर उभं राहून काम असलं तर निभायचं. आत, त्या उकाड्यात, वाकल्यावर श्वासच मिळेना. डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरला, आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, तुटला. मी कसाबसा पुन्हा सुरू केला आणि घाईने पुढे ओढला. वरून जोड देखणा दिसत होता. मी त्यावर शिक्काही मारला.

पाण्याच्या दाबाच्या चाचणीत सगळ्यांसमोर त्या जोडातून केसाएवढी चिळकांडी उडाली. तेव्हाचे सुपरवायझर ओरडले, “काय झालं?” काय सांगणार होतो मी? श्वास का मिळाला नाही ते सांगायचं, तर पट्टी सांगावी लागली असती, आणि पट्टी सांगितली तर सगळंच. मी म्हणालो, “रॉड दमट होता.” दमट रॉडने जोडात छिद्रं पडतात, हे शेंबडं पोरही जाणतं. रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवायची जबाबदारी चौदाकाकांची होती. सुपरवायझरनी रजिस्टर उघडलं आणि चौदाच्या ओळीपुढे लाल शाईने फुली मारली. सव्वीस वर्षांत त्यांची पहिली. काका काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भट्टीची किल्ली दुसऱ्याकडे गेली.

त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर डबा खाल्ला. या महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते, त्या फुलीसकट. एकसष्ट घेतला असता तर माझं ते पान कायमचं मिटलं असतं आणि त्यांचं तसंच उघडं राहिलं असतं.

रविवारी मी गच्चीवर गेलो. आई कपडे वाळत घालत होती. आमच्या इमारतीची पाण्याची टाकी आमच्याच कारखान्यातली आहे, आणि तिचा खालचा जोड माझा. दर दोन वर्षांनी तिला निळा रंग देतात, आणि दर दोन वर्षांनी आई रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून तो आकडा वाचवते. चारी बाजूंनी निळा आणि मध्ये तळहाताएवढा उघडा चौकोन. तिथे गंज चढू नये म्हणून ती त्याला तेल चोळते. शेजारणी हसतात. हसोत.

मी तिला डबी दाखवली, मॅडमचं सगळं सांगितलं. तिने चिमटा दातांत धरून ऐकून घेतलं.

“प्लेटवर कोणाचे नंबर असतात?” तिने विचारलं.

“निवृत्त झालेल्यांचे. गेलेल्यांचे.”

“मग तू यातलं काय आहेस?”

मी डबी मिटली.

“हे बघ,” ती म्हणाली. “मी दोन वर्षं मनातल्या मनात रडत होते की माझी मुलगी गेली. तुला सांगितलं नाही, पण होते रडत. मग एक दिवस वर आले, या टाकीला तेल लावत होते, आणि मनात आलं, हा आकडा ज्याने ठोकला तो खाली बसून पेपर वाचतोय. मग गेलं कोण? कोणीच गेलेलं नाही. उगाच अश्रू वाया घालवले. आता तुझ्या मॅडम तेच करतायत. त्यांना म्हणावं, माझ्याकडे या, मी सांगते, या रडण्यात काही राम नाही.”

मग ती ओला टॉवेल झटकत म्हणाली, “आणि एकसष्ट मी म्हणणार नाही. चहा गार होतोय एकसष्ट! जमतच नाही तोंडात.”

मी तिला फुलीचंही सांगितलं. ते ऐकताना मात्र ती तोच टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “त्या पट्ट्या मी धुवायचे. विचारायला हवं होतं मी.” मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि दोरीवर घातला.

सोमवारी मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो. टेबलावर रजिस्टर, शेजारी जोडांच्या एक्स-रे फिल्म बघायची दिव्याची पेटी. मॅडम, मी, सर्वांत जुने वेल्डर म्हणून साक्षीला चौदाकाका, आणि इन्स्पेक्टर. साहेब पन्नाशीचे, कोरडे, प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून वाचणारे. सव्वीस झाला. पट्टी खाली सरकली.

“हा नंबर आपण बंद करतोय,” मॅडम म्हणाल्या.

“नाही मॅडम,” मी म्हणालो आणि एकसष्टची डबी टेबलावर ठेवली. “तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते मी विसरणार नाही. पण सत्तावीस मेलेला नाही. सत्तावीस मी आहे.”

साहेबांनी ओळ वाचली. मग मान वर केली. नजर चेहऱ्यावर आली, छातीवर उतरली. मी तिला सावकाश जाऊन परत येऊ दिलं. ताठ उभा राहिलो. बघण्यासारखंच आहे, बघा, असं मनात म्हटलं.

“इथे बाईचं नाव आहे,” ते म्हणाले.

“माझंच होतं. आता हे आहे.” मी कोर्टाचा कागद पुढे केला. “नावं दोन, माणूस एक.”

“कागद ठीक आहे. पण मी सही हातावर करतो, कागदावर नाही. जोड करणारा हात तोच आहे, हे मला कसं कळणार?” आवाजात टोमणा नव्हता. त्यांचं कामच ते.

चौदाकाका पहिल्यांदा बोलले. “फिल्मा लावा.”

मॅडमनी पहिल्या वर्षाची एक फिल्म काढली आणि मागच्या महिन्याची एक. दिव्याच्या पेटीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. काकांनी नखाने दाखवलं. प्रत्येक जोडाच्या शेवटी माझा हात अर्धा सेंटिमीटर मागे वळतो आणि खळगा भरून मग थांबतो. अकरा वर्षांपूर्वी तसाच, मागच्या महिन्यात तसाच. “ही खोड मी लावली,” काका म्हणाले. “दुसऱ्या कोणाची नाही.”

साहेबांनी भिंग लावून पाहिलं, मान हलवली, पेनाचं टोपण काढलं. तिथेच थांबलो असतो तर सत्तावीस माझा झाला असता आणि मला कोणी काही विचारलं नसतं.

“साहेब, आणखी एक आहे,” मी म्हणालो. “आठ वर्षांपूर्वीची, इस्पितळाच्या टाकीची फिल्म. तीपण लावा.”

ती लावली. जोडाच्या मधोमध काळ्या ठिपक्यांचा पुंजका होता.

“रजिस्टरमध्ये लिहिलंय, रॉड दमट. जबाबदार चौदा,” मी म्हणालो. “ते खोटं आहे. रॉड कोरडा होता. मी छाती पट्ट्यांनी आवळून टाकीत शिरलो होतो. श्वास कोंडला, आर्क तुटला. पट्टीचं सांगायला लागू नये म्हणून मी रॉडवर ढकललं. जोड माझा, चूक माझी. फुली चुकीच्या माणसाच्या नावावर आहे.”

बोलताना माझा आवाज कापत होता. कापला तरी तो माझाच आवाज होता.

साहेब फिल्मकडे बघत होते. “दमट रॉडची छिद्रं जोडभर पसरतात,” ते हळूच म्हणाले. “ही एकाच जागी आहेत. हे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.”

“आलं होतं,” चौदाकाका म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

“भट्टी त्या सकाळी मीच उघडली होती. रॉड हाताला चटका देत होते. आणि फिल्म मी वाचली होती.”

“मग बोलला का नाहीत, काका?”

“काय बोलू? तू टाकीतून बाहेर आलास तेव्हा ओठ निळे होते. एवढं मोठं काय लपवतंय हे पोर, मला कळलं नाही. पण फुलीपेक्षा मोठं होतं, एवढं कळलं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. “सांगायचं तेव्हा सांगशील म्हटलं. फार वेळ लावलास.”

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेबांनी पेनाला परत टोपण लावलं. मग ते म्हणाले, “खोटी माहिती दिलीस, म्हणजे मला तुझी परीक्षा नव्याने घ्यावीच लागेल. नावापुरती नाही. टाकीत शिरून, वरचा जोड. आजच.”

“चालेल,” मी म्हणालो. तो शब्द कोणाचा आहे ते तोंडातून गेल्यावर लक्षात आलं.

दुपारी मी टाकीत शिरलो. तोच आकार, तोच उकाडा, तीच पाठ वाकवून बसायची जागा. बाहेर सगळे आकडे गोळा झाले होते. आत मी एकटा. मी मास्क खाली घेण्याआधी थांबलो आणि एक श्वास घेतला. बरगड्या फुलल्या, सदरा ताणला, आडवं कोणी आलं नाही. बावीस वर्षांच्या त्या घाबरलेल्या पोरासाठी आणखी एक घेतला. मग आर्क लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता ओढत नेला. शेवटी हात सवयीने मागे वळला, खळगा भरला, थांबला. स्लॅग झाडली. शिक्का काढला. एक घाव. आयुष्यात मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो वाटायला मी कोणाची परवानगीही मागितली नाही.

फिल्म स्वच्छ आली. एक ठिपका नाही. साहेबांनी सत्तावीसच्या ओळीवर सही केली. मग चौदाच्या पुढची फुली एका रेघेने खोडली, शेजारी सही केली, आणि लाल पेन घेऊन तेवढीच फुली माझ्या नावापुढे मारली. मॅडम डबी खणात ठेवताना म्हणाल्या, “मी तुला विचारायला हवं होतं.” मी म्हटलं, “पुढच्याला विचारा.” त्या हसल्या. एकसष्ट आता नवीन येणाऱ्या कोणाला तरी मिळेल, रीतसर, परीक्षा देऊन.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, “लाल फुली म्हणजे वाईटच ना?” मी म्हटलं, “हो.” “मग एवढा खूश कशाला?” मी म्हटलं, “आई, आठ वर्षं माझी चूकसुद्धा दुसऱ्याच्या नावावर होती.” तिला ते लगेच पटलं. चुकीच्या बाटलीवरची चिठ्ठी तिला कधी सहन झालेली नाही.

महिनाअखेरीस चौदाकाका निवृत्त झाले. आमच्याकडे भाषणं नसतात. सगळे दाराजवळ जमले, त्यांनी स्वतःच्या हाताने प्लेटवर चौदा ठोकला, आणि शिक्का माझ्या हातात दिला. तोंड घासायचं काम शागिर्दाचं असतं. मी ग्राइंडर लावला. ठिणग्यांमुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि मास्क लावलेला असूनही कोणी हरकत घेतली नाही.

जाता जाता काका म्हणाले, “ते रजिस्टर दाखव एकदा.”

मॅडमनी आणून दिलं. त्यांनी आधी स्वतःची ओळ काढली. चौतीस वर्षं, आणि पुढे खोडलेली एक फुली. “मला शून्य, तुला एक. निवृत्तीच्या दिवशी तुझ्यापुढे गेलो,” ते म्हणाले. मग त्यांचं बोट सावकाश सत्तावीसवर आलं. जुनं नाव एका रेघेने खोडलेलं, तरी वाचता येणारं. त्यावर नवं. पुढे लाल फुली आणि तिच्यापुढे साहेबांची सही. सगळं उघड, कोणीही यावं आणि वाचावं. काकांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली, परत पहिल्यापासून वाचली, आणि रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

“चालेल,” ते म्हणाले.